आईला गॅसजवळ जाऊ द्यावं का?

नजर अधू झालेल्या आईला स्वयंपाक करू द्यायचा का, हा प्रश्न आमच्याकडे वरचेवर येतो. या वेळी तो कैरोहून आला, व्हिडिओ कॉलवर. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) साठीच्या आईला काचबिंदू, समोरचं नळीतून पाहावं तेवढंच दिसतं. तिला घरच्या इजिप्शियन पदार्थांचे व्हिडिओ करायचे होते. मुलगी दुभाषी होती आणि आईला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही तीच देत होती. तिकडे आईला 'मामा' म्हणतात, त्यामुळे आपल्याला मामाचीच चौकशी चाललीय असं वाटत राहतं!

मी विचारलं, "भीती नेमकी कुठल्या पायरीची?" मुलगी म्हणाली, "सगळ्याचीच." आईला थेट विचारल्यावर एकच शब्द आला, "तशा."

तशा म्हणजे मुलुखियाची फोडणी. मुलुखिया ही ज्यूटच्या कोवळ्या पानांची, भेंडीसारखी बुळबुळीत भाजी. बारीक चिरलेल्या ४०० ग्रॅम पानांना साधारण अडीच कप कोंबडीचा रस्सा लागतो. पानं घातल्यावर खळखळून उकळली तर ती तळाशी बसतात आणि वर नुसतं पाणी राहतं. हे डोळ्यांनी पाहायची गरज नाही. लाकडी चमचा तळाला टेकवून धरला की उकळी फुटण्याआधीची थरथर हाताला कळते. तिथेच गॅस बंद.

तशासाठी २ टेबलस्पून तूप, ८-१० पाकळ्या ठेचलेला लसूण आणि १ टेबलस्पून धणेपूड. लसूण गरम तुपात टाकायचा नाही, थंड तुपातच घालून मग मंद आच लावायची. म्हणजे अंगावर उडत नाही. सुरुवातीचा चरचराट ओला, मोठा असतो. लसणातलं पाणी उडालं की तो बारीक, कोरडा होतो. तेव्हा धणेपूड घालून दहा सेकंदांत पॅन खाली. डोळस माणसं इथे सोनेरी रंगाची वाट पाहतात, आणि पॅनच्या उरलेल्या उष्णतेत लसूण करपून कडू होतो.

खरा धोका तशा भाजीत ओतताना. टोप शेगडीवरून उतरवून ओल्या फडक्यावर ठेवायचा, म्हणजे सरकत नाही. पॅनची कड टोपाच्या कडेला टेकल्याचा आवाज आला की मगच हळू कलती करायची. तशा ओतताना बाईने जोरात श्वास आत ओढून 'हाऽ' करायचं, अशी तिकडची जुनी रीत आहे. तीच आम्ही इशारा म्हणून ठरवली: तो आवाज आला की स्वयंपाकघरात कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, व्हिडिओच्या लाईटबद्दलसुद्धा नाही. मुलीला नेमकं काम मिळालं, आणि तिच्या सूचना कमी झाल्या.

आईची दुसरी काळजी मापांची. "मी अंदाजाने घालते, बघणाऱ्यांना काय सांगू?" आपण हाताला चव म्हणतो, त्याला तिकडे 'नफस' म्हणतात. पण अंदाज मोजता येतो. तिच्या चिमटीतली धणेपूड तीनदा चमच्यात ओतून पाहिली. तिन्ही वेळा जवळजवळ सारखी भरली. चित्रीकरणासाठी फोन स्टँडवर पक्का केला आणि ओट्यावर उंच कडेचा ट्रे ठेवला. ट्रेच्या आत आहे ते कॅमेऱ्यात आहे. हिरव्या भाजीला पांढरा इनॅमलचा टोप, लसणाला काळा पाट. उरलेली नजर अशी वापरता येते.

चौथ्या कॉलला आई स्वतःच बोलली. आता मकरोना बेशामेल (पांढऱ्या सॉसमधला, ओव्हनमध्ये भाजलेला पास्ता) करायचंय, पण ओव्हनमधून ट्रे काढताना मनगट भाजतं. आधी जाळी पुढे ओढायची, मग ट्रे उचलायचा. आणि हातमोजे कोपरापर्यंतचे.