कूलंट दुधाळ झाले, पण हेड खोलण्याची घाई नको

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीजवळ आमचे रो-हाउस आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली, तेव्हा आईचे ऑक्सिजनचे यंत्र बंद पडून आमची फार धावपळ झाली. त्यानंतर आम्ही २० केव्हीएचा, रेडिएटर असलेला डिझेल जनरेटर बसवला. यंदा पावसाळ्यापूर्वी पाहिले तर ओव्हरफ्लो बाटलीतले हिरवे कूलंट (इंजिन गार ठेवणारे द्रव) दूध घातलेल्या चहासारखे झाले आहे आणि त्याची पातळीही वाढली आहे. डिपस्टिकवरचे (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवरचे) ऑइल नेहमीसारखे काळे आहे, मात्र थोडे कमी झाले आहे. मेकॅनिकने बाटली पाहताच हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले सील) गेल्याचे सांगितले. इंजिन लगेच खोलावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : लगेच खोलू नये. आधी जनरेटर ‘ऑटो’वरून ‘ऑफ’वर घ्यावा आणि बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी, कारण तपासणी चालू असताना वीज गेली तर इंजिन आपोआप सुरू होईल आणि पंख्याजवळ हात असल्यास मोठी इजा होईल. दरम्यान आईंच्या यंत्रासाठी इन्व्हर्टरची किंवा भरलेल्या सिलिंडरची सोय आजच करावी. रेडिएटरचे टोपण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडावे.

आता बाटलीतले थोडे कूलंट काचेच्या स्वच्छ बरणीत घेऊन रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी वर तेलकट थर आला असेल आणि तो दोन बोटांत चोळल्यावर बुळबुळीत लागून पाण्याने सहज धुतला जात नसेल, तर इंजिन ऑइल कूलंटमध्ये जात आहे असे समजावे. तळाशी विटकरी गाळ बसला तर तो गंज होय. थर न धरता सगळेच जेलीसारखे लोंबकळत राहिले, तर दोन वेगळ्या जातींची कूलंटे एकमेकांत मिसळल्याची शक्यता मोठी असते. कूलंटची जात नुसत्या रंगावरून कळत नाही, हे टॉप-अप करताना बहुतेक जण विसरतात.

आपल्या वर्णनात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट म्हणजे गळतीची दिशा. ऑइल कमी झाले, कूलंट वाढले आणि ऑइलमध्ये पाणी दिसत नाही. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब साधारण ३ ते ४ बार असतो, तर रेडिएटरचे टोपण बहुधा १ बारच्या आसपासच दाब धरते. त्यामुळे दोघांमध्ये कोठेही चीर पडली की ऑइलच कूलंटकडे ढकलले जाते. ही दोन द्रव्ये अगदी पातळ भिंतीच्या दोन बाजूंनी वाहतात ती जागा म्हणजे ऑइल गार करणारा ऑइल कूलर, आणि आपल्या इंजिनाला तो असेल (मॅन्युअलमध्ये आकृती पाहावी) तर पहिला संशय त्याच्यावरच घ्यायला हवा. इंजिन बंद झाल्यावर मात्र ऑइलचा दाब शून्यावर येतो आणि गरम कूलंटचा दाब काही काळ टिकतो, म्हणून त्याच भेगेतून नंतर पाणी ऑइलमध्ये उतरू शकते. आज डिपस्टिक स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

मेकॅनिकचा अंदाज अशक्य नाही. अनेक इंजिनांत दाबाखालचे ऑइल गॅस्केटमधून वर हेडकडे जाते आणि तेथेही ते कूलंटला मिळू शकते. परंतु हेड गॅस्केट सिलिंडरच्या कडेला गेले असेल तर इतर खुणाही दिसतात: गार इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, वरचा होज (रबरी नळी) दोन-तीन मिनिटांतच कडक होतो, धूर पांढरा राहतो आणि कूलंट वाढण्याऐवजी घटते. खात्रीसाठी ब्लॉक टेस्टचा संच मागवावा. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातल्या निळ्या द्रवातून ओढतात आणि ज्वलनाचे वायू असतील तर द्रवाचा रंग बदलतो. आधी कूलंटची पातळी थोडी उतरवावी, नाहीतर कूलंटच वर ओढले जाऊन चाचणी फसते.

यापेक्षाही निर्णायक चाचणी हातपंपाची आहे. इंजिन गार असताना ऑइल पूर्ण काढून ड्रेन बोल्ट उघडा ठेवायचा आणि रेडिएटरला हातपंपाने टोपणावर लिहिला आहे तेवढाच हवेचा दाब देऊन किमान १५ मिनिटे थांबायचे. काटा खाली आला आणि ड्रेनमधून हिरवट थेंब पडू लागले, तर आतली गळती सिद्ध झाली. त्यानंतर कूलर सोडवून, त्याची तोंडे बंद करून, पाण्यात बुडवून हवेचा दाब द्यावा. बुडबुडे आले तर हेडला हात लावण्याचे कारण उरत नाही. कूलर शाबूत निघाला तरच हेड, गॅस्केट आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) यांच्याकडे वळावे. मेकॅनिकशी भांडण न करता या क्रमाने काम करण्याचा आग्रह धरा. प्रामाणिक माणूस नाही म्हणणार नाही.

दुरुस्तीनंतर कूलंटचा मार्ग, पाणी निवळ येईपर्यंत, फेस न होणाऱ्या क्लीनरने पुन्हा पुन्हा धुवावा लागतो. ऑइलने फुगलेले रबरी होज आणि टोपणाचे रबर बदलावे. भरताना टँकरचे किंवा बोअरचे पाणी वापरू नये, त्यातील क्षारांचा थर आत बसतो; निर्मात्याने सांगितलेले कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे घ्यावे. ‘आपल्याकडे बर्फ कुठे पडतो’ म्हणून साधे पाणी भरणारे अनेक जण मी पाहिले आहेत, पण आपल्याला कूलंट हवे असते ते गंज रोखण्यासाठी आणि उकळबिंदू वाढवण्यासाठी. काढलेले दूषित कूलंट गटारात मुळीच ओतू नये. ते गोड लागते, कुत्री-मांजरे चाटतात आणि त्यातील ग्लायकॉलने मरतात.

प्रश्न : ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पावसाळ्यात पांढरट लोण्यासारखा थर दिसतो. जनरेटर आठवड्यातून ५ मिनिटे रिकामा चालवतो. हेही कूलंटच का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : बहुधा नाही. खाडीकाठच्या दमट हवेत इंजिन पुरेसे गरम न होताच बंद केले की आतली वाफ झाकणाला गार होऊन ऑइलमध्ये घुसळली जाते. थर पुसून टाका आणि जनरेटर महिन्यातून एकदा, क्षमतेच्या किमान एक तृतीयांश भार देऊन, अर्धा तास चालवा. त्यानंतरही थर आला आणि रेडिएटरची पातळी घटत असेल, तर वरच्या उत्तरातील हातपंपाची चाचणी करून घ्यावी.