अलामेनला पोचून हरताय? आधी पेट्रोलचे डबे मोजा

दादा, प्रश्न वाचला आणि हसूच आलं, कारण सलग तीन पावसाळे मी नेमकं हेच केलंय. तुम्ही म्हणताय की दुसऱ्या महायुद्धातल्या उत्तर आफ्रिकेच्या लढाईवरच्या 'आफ्रिका कोर' या बोर्डगेममध्ये तुम्ही जर्मन घेता, भाऊ ब्रिटिश, सुरुवातीला तो नुसता पळतो, तुम्ही धाडधाड इजिप्तमधल्या अलामेनपर्यंत जाता आणि तिथे गेल्यावर हल्लाच करता येत नाही, मग हळूहळू सगळं ढासळतं, तर गेमच ब्रिटिशांकडे झुकलेला आहे का? नाही हो. चार्ल्स रॉबर्ट्सने १९६४ मध्ये बनवलेला गेम आहे, जुना आहे, नियम कधी कधी डोकं खातात, पण या बाबतीत त्याची काही चूक नाही. तुमचा भाऊ पळत नाहीये, तो तुम्हाला ओढून नेतोय.

आमच्याकडे हर्णैला १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, बाहेर धो धो, तेव्हा मी आणि माझा चुलतभाऊ पडवीत बोर्ड मांडून बसतो. (दमटपणाने नकाशाची घडी वर येते, म्हणून वर काच ठेवायची, आणि काउंटर, म्हणजे सैन्याचे पुठ्ठ्याचे तुकडे, डब्यात भरताना सोबत सिलिका जेलच्या पुड्या, नाहीतर पुठ्ठा फुगून बुरशी धरते.) हा चुलतभाऊ बोटीवर तांडेल आहे. इतिहासाचं पुस्तक त्याने उघडलेलं नाही, जर्मन सेनापती रोमेल कोण ते मीच सांगितलं, आणि तरी जर्मन घेऊन मला धुतो. एकदा मी पाहिलं, त्याची चाल आली की तो रणगाड्यांकडे बघतच नाही, आधी सप्लायच्या, म्हणजे रसदीच्या, काउंटरवर बोट ठेवून इथून तिथे किती हेक्स (नकाशावरची षटकोनी घरं) ते मोजतो. विचारलं तर म्हणाला, "अरे जाताना जेवढं डिझेल जाळलंस तेवढं येताना पण लागतं ना, आणि मासळीवरचा बर्फ काय तुझ्यासाठी थांबतो होय." झालं, अख्खा गेम एवढाच आहे.

आता तुमच्या खेळाकडे बघा. दर टर्नला सप्लायसाठी फासा टाकता, कधी येतो, कधी भूमध्य समुद्रात बुडतो. आलेला काउंटर मागून चालत पुढे न्यावा लागतो, आणि एक हल्ला केला की संपला. म्हणजे तुम्ही जितके पुढे, तितका पुढचा हल्ला उशिरा. खऱ्या लढाईत हेच झालं, त्रिपोलीपासून बेनगाझीच हजारेक किलोमीटर, पेट्रोल नेणारे ट्रक अर्धं पेट्रोल वाटेतच पिणार. रोमेल फेब्रुवारी १९४१ मध्ये त्रिपोलीला उतरला आणि एप्रिलमध्ये इजिप्तच्या सीमेला भिडलासुद्धा, पण लिबियातलं टोब्रुक बंदर मागे ब्रिटिशांकडेच, वेढ्यात राहिलं, आणि नोव्हेंबरात ब्रिटिशांचा क्रुसेडर हल्ला आल्यावर डिसेंबरात वेढा उठवून त्याला मागे फिरावं लागलं. तुम्हीसुद्धा, तुमच्या वर्णनावरून, टोब्रुकला वळसा घालूनच जाताय. मागे ब्रिटिश युनिट बसलंय म्हणजे तुमचा रस्ता कधीही तुटणार, आणि पहारा म्हणून दोन-तीन चांगली युनिटं तिथेच अडकणार ती वेगळीच.

म्हणून माझं म्हणणं, टोब्रुक घेतल्याशिवाय सीमेपुढे पाऊल टाकू नका, आणि त्या हल्ल्याच्या आधी मागे एक सप्लाय जादा उभा असला पाहिजे, तो येईपर्यंत दोन टर्न वाया गेले तरी चालतील. तुमचा भाऊ चिडवेल, चिडवू दे. रोमेलचा काउंटर सोबत असला की युनिटं जास्त हेक्स चालतात, लोक त्याला सगळ्यात पुढे नाचवतात, मी तो बऱ्याचदा मागच्यांना खेचून आणायला वापरतो. आणि हो, ब्रिटिश सप्लाय उघड्यावर दिसला तर तो पकडा, एखादं कमजोर युनिट मारण्यापेक्षा तो कितीतरी जास्त कामाचा.

टोब्रुक १९४२ मध्ये पडलं ते आपल्या लोकांनी जरा नीट बघण्यासारखं आहे. २० जूनला जर्मनांनी आग्नेय बाजूने घाव घातला, तिथे खंदकात मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती, भारतीय ११ व्या ब्रिगेडमधली. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला, तीस हजारांवर माणसं कैदी झाली. आमच्या रत्नागिरी-साताऱ्याकडून पलटणीत जाणारी पोरं तेव्हा किती होती ते तुम्हाला सांगायला नको. ब्रिटिश बाजूला भारतीय ब्रिगेडचे छोटे काउंटर आहेत ना, ते मी उगाच बळी द्यायला पुढे टाकत नाही, खेळाच्या दृष्टीने मूर्खपणा असेल, पण हात होत नाही.

बरं, टोब्रुक मिळाल्यावरही रोमेल थांबला नाही, माल्टा हे भूमध्यातलं ब्रिटिश बेट घ्यायचं राहिलं, आणि जुलैला अलामेनसमोर दमून उभा. दक्षिणेला कताराचा खोलगट भाग, तिथून वळसा नाही. ऑगस्टअखेर अलामेनजवळच्या आलम हाल्फाला पुन्हा धडक मारली तेव्हा पेट्रोलचे टँकर बुडत होते. तुमच्या शेवटच्या चार टर्नांचं वर्णन वाचताना मला तेच आठवत होतं.

एक करा, पुढच्या डावात तुम्ही ब्रिटिश घ्या आणि भावाला पुढे पळू द्या. दहाव्या टर्नला बोर्डाचा फोटो टाका, दोन्हीकडचे सप्लाय काउंटर नीट दिसतील असा.