घर तुमचं, प्रश्न तुमचे : क्रीम किचनवर रंगीत हँगिंग लाईट

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही बाणेरला नवीन टूबीएचकेत राहायला आलोय. किचन ओपन आहे आणि सगळं फिकं, शटर क्रीम मॅट लॅमिनेटची, ओट्याला पांढरा क्वार्ट्झ, टाईल्स राखाडी. नीटनेटकं दिसतं पण रंग म्हणून कुठे नाहीच. पाच फुटी ब्रेकफास्ट काउंटर आहे त्याच्यावर तीन हँगिंग लाईट लावायचेत आणि निदान त्यात तरी रंग हवा असं मला वाटतं. मला गोल निळ्या काचेचे आवडलेत, नवरा म्हणतो काळे घे, कशावरही जातात, आणि सासूबाई म्हणतात कसलेही घ्या पण मला तिथे बसून तांदूळ निवडता आले पाहिजेत. तीन वेगवेगळे रंग घेतले तर चालतील का?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : सासूबाईंचं म्हणणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, तिथूनच सुरू करूया. दिव्याला दोन रंग असतात, एक शेडचा बाहेरून दिसणारा आणि दुसरा खाली काउंटरवर पडणाऱ्या उजेडाचा. दुकानात आपण पहिलाच बघतो आणि घरी आल्यावर रोज दुसऱ्यात जेवतो. निळी काच बल्बच्या उजेडातला लाल-पिवळा भाग अडवते आणि निळा सोडते, म्हणजे वरण हिरवट मातकट दिसणार, टोमॅटो काळपट दिसणार, आणि तांदळातला खडा तर विसराच. त्यात वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा उजेड आणखी कमी आत जातो, त्यामुळे तुम्हाला जो दिवा 'जरा मंद' वाटेल तो सासूबाईंना अंधार वाटू शकतो. मधाच्या रंगाच्या काचेचंही तसंच, मेथी निवडताना हिरवी आणि पिवळी पानं जवळजवळ सारखी दिसायला लागतात.

म्हणून माझं सरळ मत असं आहे की काउंटरवर जिथे चिरणं, निवडणं, मुलांचा अभ्यास असं सगळं होणार आहे तिथे मेटलची अपारदर्शक शेड घ्या, बाहेरून रंगीत आणि आतून पांढरी. आतून पांढरीच हवी हं, हल्ली आतून सोनेरी रंग दिलेल्या शेड फार दिसतात, फोटोत त्या झकास येतात पण उजेड पिवळा करून टाकतात.

आता ह्यात एक गोम आहे जी दुकानदार सहसा सांगत नाही. अपारदर्शक शेडचा रंग दिवसा दिसतो, कारण खिडकीचा उजेड तिच्यावर पडतो, आणि रात्री ती लावली की उजेड सगळा खाली जातो आणि शेड स्वतः काळोखात राहते. काचेचं बरोब्बर उलटं, रात्री झळकते आणि दिवसा, त्यातून किचनला खिडकी एकाच बाजूला असेल तर, निळी काच काळीच दिसते. तेव्हा तुम्ही काउंटरवर जास्त कधी असता ते आधी ठरवा. सकाळचा चहा-पोहे तिथे होत असतील तर मेटल. आणि मेटलचा रंग रात्रीही दिसायला हवा असेल तर सीलिंगचा एखादा दिवा किंवा कोव्ह लाईट (सीलिंगच्या कडेच्या खाचेत लपवलेला दिवा) सोबत चालू ठेवावा लागेल, नुसत्या हँगिंगवर भागणार नाही.

काचेवर तुमचा जीवच जडला असेल तर गोल बंद गोळे घेऊ नका, खालून उघडी घंटेच्या आकाराची शेड घ्या, म्हणजे बल्बचा उजेड सरळ खाली पांढराच येईल आणि निळा फक्त बाजूने पसरेल. पण तो बाजूचा निळा तुमच्या क्रीम शटरवर पडणार आणि ती रात्री मळकी दिसणार, शिवाय स्टुलावर बसलेल्याच्या डोळ्यात बल्ब येणार. दुसरा मार्ग म्हणजे ज्या काचेत आतला थर दुधी आणि बाहेरचा रंगीत असतो ती. महाग पडते, पण उजेड मऊ देते. तिच्या बाजूने येणारा उजेड मात्र थोडा रंगतोच, तेव्हा काउंटरला वेगळा पांढरा दिवा लागेलच.

डोळ्यात बल्ब न येणं ही खरंच मोठी गोष्ट आहे. डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसेनने १९५८ मध्ये पीएच ५ नावाचा हँगिंग दिवा केला, त्यातला ५ म्हणजे मुख्य शेडचा ५० सेंटीमीटर व्यास, आणि त्याने एकावर एक पत्रे असे रचले की कुठूनही बघितलं तरी बल्ब दिसत नाही. आत लाल आणि निळे छोटे भागसुद्धा दिले होते, उजेडाचा पोत सुधारायला. ते असो, आपल्याला एवढंच घ्यायचंय की शेड खोल हवी आणि बल्ब तिच्या कडेच्या वर राहायला हवा.

रंग कुठला? आधी तुमचं क्रीम नक्की कसलं क्रीम आहे ते बघा. दिवसा खिडकीजवळ शटरला साधा पांढरा झेरॉक्सचा कागद लावा, लगेच कळतं की क्रीम पिवळ्याकडे झुकतंय की गुलाबीकडे की राखाडीकडे. पिवळ्याकडे झुकत असेल तर मोरपंखी उठून दिसेल, गुलाबीकडे असेल तर शेवाळी हिरवा, आणि राखाडी असेल तर मस्टर्ड किंवा भाजक्या विटेचा रंग. मला स्वतःला तुमच्या पांढऱ्या क्वार्ट्झवर मोरपंखी सगळ्यात आवडेल, तुमची निळ्याची हौसही त्यात भागते. काळा चुकत नाही हे नवऱ्याचं खरं आहे, पण चिमणीची काच आणि गॅसची काच बहुतेक आधीच काळी असेल, त्यात आणखी काळं घालून 'रंगच नाही' हा तुमचा प्रश्न आहे तसाच राहतो.

तीन वेगळे रंग नकोत असं मी म्हणेन. ओपन किचन हॉलमधून सतत दिसतं, आणि पडदा, उशा, खुर्च्या ह्यांच्यात ते तीन रंग कुठेच नसतील तर ते दिवे एकटे पडतात. एकच रंग घ्या आणि तोच हॉलमध्ये छोट्या प्रमाणात एकदा तरी येऊ द्या, अगदी एखाद्या कुंडीतून आला तरी चालेल.

आणि पाच फुटाला तीन कशाला, दोन पुरतात! साठ इंचाच्या काउंटरवर १० ते १२ इंच व्यासाच्या दोन शेड, दोन्ही टोकांपासून १५-१५ इंच आत, म्हणजे मधलं अंतर ३० इंच. तीनच हव्या असतील तर ६-७ इंचाच्या छोट्या घ्या, टोकापासून १० आणि मध्ये २०-२० इंच. काउंटरपासून शेडच्या खालच्या कडेपर्यंत साधारण ३० ते ३२ इंच ठेवा, पण हे पुस्तकी माप झालं, घरात कोणी सहा फुटी असेल तर थोडं वर घ्यावं लागेल. इलेक्ट्रिशियनला बोलावण्याआधी पुठ्ठ्याचे त्या मापाचे गोल कापून सुतळीने टांगा आणि दोन दिवस राहू द्या, ओट्यापाशी उभं राहून हॉलमधला माणूस दिसतोय का, स्टुलावरून उठताना डोकं लागतंय का, सगळं कळतं. वायर किती लांब येते तेही विचारा, नऊ फुटी सीलिंग असेल तर मीटरभर वायर कधीकधी कमी पडते. फॉल्स सीलिंगच्या जिप्सम बोर्डावर वजन टाकू नका, हूक वर स्लॅबमध्ये फास्टनर मारूनच हवा, नाहीतर बोर्डामागे प्लाय तरी.

बल्ब एलईडीच, ४००० केल्विनचा (हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळट), आणि खोक्यावर सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, ९० किंवा जास्त लिहिलेलं बघा. ३००० केल्विन जेवायच्या टेबलावर छान, पण तांदूळ निवडायला ४००० बरा. दोन शेडमध्ये प्रत्येकी ७ ते ९ वॅट पुरेसा होतो. होल्डर स्क्रूचा आहे की आपला नेहमीचा पिनचा तेही बघून घ्या.

खरेदीला पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, दिव्यांच्या बाजारात, जाऊन बघाच, आणि जाताना सुताराकडून लॅमिनेटचा तुकडा मागून न्या. दुकानात पन्नास दिवे एकदम चालू असतात, त्यात कुठलाच रंग खरा कळत नाही, तेव्हा आजूबाजूचे बंद करायला सांगा आणि एकाच्याच खाली तो तुकडा आणि तुमचा हात धरून बघा. हाताचा रंग विचित्र दिसला की तो दिवा सोडून द्या. आकार आवडला पण रंग मिळाला नाही तर साधी शेड घेऊन पावडर कोटिंग (रंगाची पूड लावून भट्टीत भाजणं) करून घेता येतं, भोसरी एमआयडीसीत हे काम करणारे पुष्कळ आहेत, ते आरएएलच्या नंबरवर काम करतात. ही जर्मन रंगपद्धत १९२७ पासूनची आहे, त्यात ५०२१ मोरपंखीच्या जवळ जातो आणि १००५ मस्टर्डच्या. देताना वायर आणि होल्डर काढून द्या कारण भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांना भाजतात, आणि आतली बाजू पांढरी हवी हे आधीच सांगा. एक-दोन नगांसाठी वेगळा रंग लावायला सगळे तयार होतीलच असं नाही, तर तो रंग त्यांच्याकडे चालू असेल तेव्हा आपलं काम घुसवायला सांगायचं.

प्रश्न : ताई, आम्ही कोथरूडला भाड्याने राहतो. जेवायच्या टेबलावर पॉइंट नाही, मालक ड्रिल मारू देत नाहीत. मला केनची मोठी रंगवलेली शेड लावायची खूप इच्छा आहे. काही करता येईल?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : कमानीसारखा वाकलेला उभा दिवा मिळतो, खाली जड बैठक आणि वर शेड टेबलाच्या मधोमध येते, प्लग लावला की झालं, भिंतीला हातही लागत नाही. केनची शेड तुमच्या बाबतीत चालेल कारण टेबल गॅसपासून लांब आहे असं धरते. गॅसच्या जवळ केन, कापड, मॅक्रमे काहीही नको, रोजच्या फोडणीचा चिकट थर त्या विणीत बसतो आणि मग धूळ, आणि ते पुसताही येत नाही नि धुताही येत नाही. फक्त विणीतून टेबलावर जाळीच्या सावल्या पडतील, आत दुधी गोल बल्ब लावला की त्या बऱ्याच मऊ होतात.

प्रश्न : तांबट आळीतल्या कारागिरांकडून मठारकाम केलेली, म्हणजे हातोडीने ठोके देऊन घडवलेली, तांब्याची शेड करून घ्यावी म्हणते, आमचं किचन पांढरं-राखाडी आहे. काळी पडेल का? आणि उजेड लालसर येईल का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : जरूर करून घ्या! पांढऱ्या-राखाडीवर तांब्याइतका ऊबदार रंग दुसरा नाही, आणि ठोक्यांच्या त्या बारीक खळग्यांवर खिडकीचा उजेड दिवसभर हलत राहतो. उजेड लालसर येणार, आतून तांबं उघडं असेल तर. त्यासाठी पातेल्याला करतात तशी आतून कल्हई करून मागा, उजेड बराच पांढरा होतो. ती वितळेल अशी भीती नको, कथिल २३२ अंशांना वितळतं आणि एलईडीने शेड फार तर कोमट होते. बाहेरून काळी पडेल, किचनमध्ये जरा लवकरच. पडू द्यायची नसेल तर लॅकर (पारदर्शक लेप) मारून घ्या, मात्र लॅकर मारल्यावर चिंच, लिंबू-मीठ, पितांबरी ह्यातलं काहीही लावायचं नाही, नुसतं मऊ फडकं आणि कोमट साबणपाणी, तेही दिवा बंद करून.