टेस्ट नसलेल्या जुन्या कोडसाठी उपयोगी टेस्ट सूट कसा उभा करावा?

तुम्ही विचारलंय की कोड तीन वर्षं जुना आहे, टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम) जवळपास नाहीत आणि ८० टक्के कव्हरेज गाठायला सांगितलंय, तर सुरुवात कुठून करावी.

तो आकडा आधी बाजूला ठेवा. टेस्ट चालताना अमुक ओळ चालली, एवढंच कव्हरेजवरून कळतं. त्या ओळीचं उत्तर कुणी तपासलं का, हे कळत नाही. समजा नियम असा आहे: रक्कम १००० किंवा जास्त असेल तर १० टक्के सूट. तुम्ही ५०० आणि २००० अशा दोन टेस्ट लिहिल्या. दोन्ही फाटे चालले, कव्हरेज १०० टक्के. पण कोडमध्ये 'मोठं किंवा समान' ऐवजी नुसतं 'मोठं' पडलं असेल तरी दोन्ही टेस्ट हिरव्याच (म्हणजे पास) राहतील. ही चूक फक्त बरोबर १००० ची टेस्ट पकडते. म्हणून ९९९, १००० आणि १००१ घ्या, मग शून्य, ऋण रक्कम आणि रक्कमच न आलेली स्थिती. अपेक्षित उत्तर नियम वाचून हाताने काढा: ९९९ चे ९९९, १००० चे ९००. कोडमधलंच सूत्र टेस्टमध्ये पुन्हा लिहिलंत तर एकच चूक दोन्हीकडे जाते आणि टेस्ट खुशाल पास होते.

सुरुवात जिथे दुखतं तिथून करा. गेल्या सहा महिन्यांतले बग काढा, गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) इतिहासात कोणत्या फायली सतत बदलतात ते पाहा. दोन्ही याद्यांत येणाऱ्या फायली आधी. नवीन बग आला की तो दाखवणारी टेस्ट आधी लिहा, ती लाल (म्हणजे फेल) झालेली डोळ्यांनी बघा, मगच दुरुस्ती करा. जुन्या भागात बरोबर उत्तर काय हेच कुणाला ठाऊक नसेल, तर आज जे उत्तर येतंय तेच टेस्टमध्ये नोंदवा. ते चूक असू शकतं, पण रिफॅक्टर करताना (वागणं तेच ठेवून रचना सुधारताना) नकळत काही बदललं तर लगेच समजतं.

कधीच लाल न झालेल्या टेस्टवर मी विश्वास ठेवत नाही. टेस्ट लिहून झाली की कोडमधली ती अट मुद्दाम उलटी करा आणि चालवून बघा. हिरवीच राहिली तर ती काहीच तपासत नाहीये. हेच काम जावासाठी पिट आणि जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर आपोआप करतात. त्यांना वेळ लागतो, त्यामुळे महत्त्वाच्या मॉड्यूलपुरतेच चालवा.

मॉक, म्हणजे खऱ्या भागाच्या जागी ठेवलेले नकली भाग, फक्त सिस्टिमच्या वेशीवर हवेत: पेमेंट गेटवे, ईमेल, घड्याळ. स्वतःचेच क्लास मॉक केले की क्वेरी चुकली तरी टेस्ट पास होते आणि नुसती रचना बदलली तरी फेल होते. डेटाबेसच्या टेस्ट प्रॉडक्शनमध्ये (खऱ्या वापरात) आहे त्याच प्रकारच्या डेटाबेसवर, कंटेनरमध्ये (वेगळ्या, तात्पुरत्या वातावरणात) चालवा. पोस्टग्रेस डेटाबेसच्या जागी सोय म्हणून एसक्यूलाइट हा हलका डेटाबेस घेतला तर फसगत होते: ते फॉरेन की (दोन टेबलांमधला दुवा) आपोआप तपासत नाही, तपासणी वेगळी चालू करावी लागते, आणि पूर्णांकाच्या कॉलममध्ये मजकूरही निमूट ठेवून घेतं. प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून शेवटी रोलबॅक करा, म्हणजे तिने केलेले बदल मागे घ्या.

कधी पास, कधी फेल होणारी टेस्ट सगळ्यात घातक, कारण तिच्यामुळे टीमला लाल रंगाकडे दुर्लक्ष करायची सवय लागते. कारणं बहुधा ठरलेली असतात. टेस्ट आजची तारीख वाचते आणि ३१ तारखेला मोडते. इथे वेळ बाहेरून पॅरामीटर म्हणून द्या. दोन सेकंदांचा स्लीप आपल्या मशीनवर पुरतो, सीआयच्या (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेच्या) मंद मशीनवर पुरत नाही. त्याऐवजी अट पूर्ण होईपर्यंत थोड्या-थोड्या वेळाने तपासा आणि कमाल १० सेकंदांची मर्यादा घाला. एका टेस्टने मागे ठेवलेला डेटा दुसरीला लागत असेल तर टेस्टचा क्रम रँडम करा आणि सीड (तो क्रम ठरवणारा आकडा) लॉगमध्ये छापा, म्हणजे तोच क्रम पुन्हा चालवता येईल. 'फेल झाली तर तीनदा चालवा' हे सेटिंग मात्र लावू नका, त्याखाली खरी रेस कंडिशनही (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या क्रमामुळे होणारी चूक) लपते.

एवढं रुळल्यावर कव्हरेजचा रिपोर्ट उघडा, पण एकूण टक्केवारीसाठी नव्हे, न चाललेल्या ओळींसाठी. त्यांत एरर हाताळणारे कॅच ब्लॉक हमखास सापडतील. आणि ८० टक्क्यांची अट पाळायचीच असेल, तर ती प्रत्येक पुल रिक्वेस्टमधल्या (मुख्य कोडमध्ये घेण्यासाठी पाठवलेल्या बदलातल्या) नव्या ओळींना लावण्याची परवानगी मागा.