बेचाळिसाव्या दिवसाची भेट

प्रिय पोरी,

काल तुझा फोन आला तेव्हा मी एसटीत होते, धड बोलता आलं नाही. "मॅडम, वजन वाढतंय, ताप नाही, श्वास ठीक आहे, तरी बाळ रोज संध्याकाळी दोन-तीन तास किंचाळतं. फॉर्ममध्ये काय लिहू?" असं तू विचारलंस. फॉर्मचं नंतर बघू. आशा सेविका म्हणून त्या घरात काय बोलायचं ते आधी लिहिते.

बाळ पाच आठवड्यांचं आहे ना? मग हे रडं वाढायचंच वय आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते सुरू होतं, सहाव्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत बहुतेक बाळांचं आपोआप ओसरतं. डॉक्टर याला कॉलिक म्हणतात. 1954 मध्ये मॉरिस वेसेल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचं माप ठरवलं: दिवसाला 3 तासांहून जास्त, आठवड्यात 3 दिवसांहून जास्त, 3 आठवड्यांहून जास्त. साधारण पाचातल्या एका बाळाला हा त्रास होतो. नेमकं कारण अजून सापडलेलं नाही. पोट फुगलेलं दिसतं खरं, पण रडता रडता बाळ हवा गिळतं, त्यानेही ते फुगतं.

आता जन्मानंतरच्या आपल्या घरभेटींचे दिवस मोज. 3, 7, 14, 21, 28, 42. म्हणजे रडं ऐन भरात असतं तेव्हा आपली शेवटची भेट होते, आणि पुढची थेट तिसऱ्या महिन्यात. शिवाय आपण जातो सकाळी. तेव्हा बाळ शांत झोपलेलं असतं.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका घरी मी अशीच बेचाळिसाव्या दिवशी गेले. वजन केलं, श्वास मोजले, सही घेतली. सासूबाई म्हणाल्या, "हिचं दूधच पुरत नाही." बाळंतीण खाली मान घालून बसली होती. वजन छान वाढलं होतं, तो आकडा माझ्याच हातात होता, पण मी तो मोठ्याने वाचला नाही. आठवड्याभरात बाटलीने म्हशीचं दूध सुरू झालं, मग जुलाब, मग दवाखाना. बाळ वाचलं. ती सकाळ मात्र मी विसरलेले नाही.

म्हणून वजन सगळ्यांसमोर वाच. बाळ दिवसातून सहा वेळा तरी लघवी करतं का, ते आजीलाच विचार आणि तिच्याच तोंडून येऊ दे की दूध पुरतंय. अंगावरचं सोडून दुसरं काही नको. गुटीही नको, मध तर वर्षभर नाहीच. ग्राईप वॉटरने रडं थांबतं असं सिद्ध झालेलं नाही. पोटदुखीवरचे डायसायक्लोमिनचे थेंब घरात दिसले तर लगेच बंद करायला सांग, सहा महिन्यांखालच्या बाळाचा श्वास त्याने अडू शकतो. दृष्ट काढतात, त्यावर वाद घालू नकोस, फक्त धूर बाळापासून लांब ठेवायला लाव. पण मेळघाटात पोटफुगीसाठी तापलेल्या विळ्याचे चटके देतात, तसलं काही कानावर आलं तर गप्प बसायचं नाही.

बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, छातीशी धरून अंगणात फिरवणं, झोळीत हलकेच झुलवणं, हे करून बघू देत. कधी गुण येतो, कधी नाही. आणि बापालाही समोर बसवून सांग: राग अनावर झाला तर बाळाला पाठीवर निजवा, दहा मिनिटं बाहेर जा, पण त्याला गदागदा हलवू नका. मेंदूला इजा होते, जीवही जातो.

ताप, अंग गार पडणं, हिरवी उलटी, शौचातून रक्त, दूध ओढायचं सोडणं, टाळू वर येणं, जांघेत फुगवटा, किंवा एरवीपेक्षा वेगळंच रडणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याला कॉलिक म्हणू नकोस, त्याच वेळी गाडी बोलाव.

फॉर्मवर "वजनवाढ चांगली, धोक्याचं लक्षण नाही, संध्याकाळी रडते" एवढं लिही. आणि पन्नासाव्या दिवसाच्या सुमारास, संध्याकाळी सातला, एकदा त्या घरी जाऊन ये. त्या भेटीला रकाना नाही, मानधनही नाही, हे मला माहीत आहे. बाळ रडत असेल तर ते अर्धा तास तू घे, आणि बाळंतिणीला जेवायला बसव.

तुझी,
आशांची गटप्रवर्तक ताई