सांता की सिंटरक्लास? मुलांचे गिफ्ट्स नेमके कधी द्यायचे

न्यू जर्सीहून नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला शिफ्ट झालेल्या एका ताईंनी विचारलंय, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ५ ची, दोघांनाही २५ डिसेंबरच्या सकाळी झाडाखालचे गिफ्ट्स उघडायची सवय आणि इथे शाळेत नोव्हेंबरपासूनच सिंटरक्लास सिंटरक्लास (डिसेंबरच्या सुरुवातीला डच मुलांना गिफ्ट्स देणारा संत) चाललंय, मग दोन्ही करायचं का?

ताई, माझं मत विचाराल तर मोठे गिफ्ट्स ५ डिसेंबरच्या संध्याकाळीच द्या, पाकयेसआवोंदला, म्हणजे इथल्या गिफ्ट्सच्या संध्याकाळी. वर्गातली बरीच मुलं ६ तारखेला काय मिळालं तेच सांगत असतात, त्यात आपलीच मुलं 'आमचं २५ ला' म्हणून गप्प बसली तर नव्या शाळेत अजून परकी वाटतात. २५ ला झाडाखाली एखादं छोटं काहीतरी ठेवा, सांता अगदीच बंद करू नका.

नोव्हेंबरच्या मध्यात सिंटरक्लास स्पेनहून बोटीने येतो, ते टीव्हीवर लाइव्ह असतं, आणि मग रोजचं सिंटरक्लासजर्नाल, म्हणजे टीव्हीवरच्या मुलांसाठीच्या सिंटरक्लासच्या बातम्या, मुलीसोबत नक्की बघा, डच कानावर पडतं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बोलायला विषय मिळतो. रात्री मुलांनी आपला बूट हीटरपाशी ठेवायचा, त्यात सिंटरक्लासच्या घोड्यासाठी गाजर, सकाळी त्यात मँडरिन, क्राउडनोटन (मसाल्याची छोटी बिस्किटं) किंवा नावाच्या पहिल्या अक्षराच्या आकाराचं चॉकलेट. हे रोज करायची गरज नाही हं, घरोघरी दिवस ठरवून घेतात. शाकाहारी असाल तर या दिवसांत मिळणाऱ्या फेसाच्या गुलाबी-पांढऱ्या गोड गोळ्यांचं पाकीट वाचून घ्या, बरेचदा जिलेटिन असतं.

मुलाच्या वयाला बहुतेक शाळांत चिठ्ठ्या काढतात, ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी छोटं गिफ्ट, त्याला पुठ्ठ्याचं काहीतरी गंमतशीर रूप द्यायचं आणि सोबत यमक जुळवून कविता, त्या मुलाच्या सवयींवरून हलकी थट्टा करणारी. अमेरिकेतल्या सीक्रेट सांतासारखं नुसतं विकत आणून रॅप केलं की झालं असं इथे चालत नाही, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. डच येत नसेल तर शेजाऱ्यांकडून चार ओळी तपासून घ्या, आणि घरच्या गिफ्टसोबत कविता मराठीत लिहा, उखाण्यांवर वाढलेल्या आपल्या लोकांना यमक काय अवघड! आणि मुलाला खरं काय ते माहीत असेल तर त्याला आधीच बजावा, बहिणीच्या वर्गातली पोरं मनापासून विश्वास ठेवतात, तिथे बोलायचं नाही.

पीट, म्हणजे सिंटरक्लासचा मदतनीस, पूर्वी त्याचा चेहरा काळा रंगवायचे, त्याच्याबद्दलही घरात बोला. सिंटरक्लासच्या स्वागताच्या राष्ट्रीय मिरवणुकीत २०१९ पासून पूर्ण काळा चेहरा नाही, नुसते काजळीचे पट्टे असतात, पण काही गावांत जुनं रूप अजून दिसतं. आपल्या सावळ्या मुलांना कोणी वर्गात 'तू पीट' म्हटलं तर ते थट्टेवारी नेऊ नका, लगेच टीचरना भेटा, आणि शाळेत पीट कसे असतील हे नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा.

आता ख्रिसमस. अमेरिकेत २६ ला बरेच जण ऑफिसला जातात, इथे २५ आणि २६ दोन्ही सुट्ट्या आणि डच लोक ते दिवस आईवडील-सासरच्यांकडे घालवतात, त्यामुळे शेजाऱ्यांनी बोलावलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. २६ ला दोन-तीन मराठी कुटुंबांना बोलवा आणि गूरमेटन करा, टेबलावरच्या ग्रिलवर प्रत्येकाची छोटी पॅन, आपापलं भाजून खायचं, पनीर, मशरूम, सिमला मिरची सगळं चालतं, व्हेज-नॉनव्हेजच्या पॅन मात्र वेगळ्या ठेवा. ग्रिल नसेल तर डिसेंबरच्या आधी घ्या किंवा कुणाकडून तरी मागून आणा.