यादवीत सख्खे भाऊ दोन बाजूंना का जातात?

तुम्ही विचारलंय, "यादवी युद्धात एकाच घरातली माणसं समोरासमोर येतात ती तत्त्वापायी की स्वार्थापायी? आपल्याकडचं उदाहरण आहे का?" मी कोल्हापूरचा. आमची गादीच यादवीतून निर्माण झाली, त्यामुळे उदाहरणासाठी लांब जायला नको.

माझं आजोळ कराडकडचं. लहानपणी एसटी वारणेच्या पुलावर आली की आजी पदराची गाठ सोडून एक नाणं काढायची, खिडकीतून नदीत टाकायची आणि म्हणायची, "चला, आलं तुझ्या बाचं राज्य." मला वाटायचं, सासरकडच्यांना मारलेला टोमणा आहे. पुढे कळलं की १७३१ च्या तहात ही वारणाच सातारा आणि कोल्हापूरच्या दोन छत्रपतींमधली हद्द ठरली होती.

आधी एक खुलासा. कोल्हापुरात 'शाहू महाराज' म्हटलं की राजर्षी डोळ्यांपुढे येतात. मी म्हणतोय ते सातारचे थोरले शाहू, संभाजी महाराजांचे चिरंजीव.

१७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि त्याचा मुलगा आझमशहा याने शाहूंची मोगलांच्या कैदेतून सुटका केली. आई येसूबाईंना मात्र सोडलं नाही. डाव सरळ होता, मराठ्यांनी आपसात भांडावं. तोवर सात वर्षं शाहूंच्या चुलती ताराबाई, म्हणजे राजाराम महाराजांच्या विधवा, यांनी लहान मुलगा गादीवर बसवून मोगलांना झुंजवलं होतं. त्यांचं म्हणणं, हे राज्य आम्ही राखलं. शाहूंचं म्हणणं, थोरली पाती आमची. खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं, आणि यादवी पेटते ती अशा ठिकाणीच. शिवाय आलेला माणूस शाहू नव्हेच, तोतया आहे, असं ताराबाईंनी जाहीर केलं.

आता निष्ठांचं बघा. बखरी सांगतात की ताराबाईंनी सरदारांकडून दूधभातावर शपथा घेतल्या. सेनापती धनाजी जाधव त्यांच्या बाजूने खेडला लढायला गेले आणि ऐन वेळी शाहूंना मिळाले. त्यांना फितूर म्हणायचं का? माझ्या मते नाही. समोरचा माणूस खरा आहे अशी खात्री पटली, की तोतयाविरुद्ध घेतलेली शपथ उरते कुठे? पण शेख मिराची गोष्ट वेगळी. तो सातारा किल्ल्यावर ताराबाईंचा हवालदार, बायकामुलं वाईला. शाहूंनी ती धरली आणि तोफेच्या तोंडी देण्याची धमकी दिली, असं सांगतात. मग त्याने किल्ल्यावरच्या परशुरामपंत प्रतिनिधींनाच ('प्रतिनिधी' हे छत्रपतींच्या दरबारातलं मोठं पद) कैद केलं आणि दरवाजा उघडला. यात तत्त्व कुठलं आणि स्वार्थ कुठला, तुम्हीच ठरवा.

याच परशुरामपंतांचं घर पुढे दुभंगलं. एक मुलगा, कृष्णाजी, कोल्हापूरकरांना, म्हणजे ताराबाईंनी मांडलेल्या गादीला, मिळाला. तो विशाळगडचा प्रतिनिधी. दुसरा श्रीपतराव, तो शाहूंच्या दरबारात प्रतिनिधी, आणि सातारकडची ती पाती म्हणजे औंधचं घराणं. रक्त एक, पदवी एक, धनी दोन. ठरवून केलं का? कागद दाखवता येणार नाही, पण आमच्याकडे ग्रामपंचायतीला एक भाऊ या पॅनेलमध्ये आणि दुसरा त्या पॅनेलमध्ये उभा राहतो, घरात चूल एकच असते, आणि कोणीही निवडून आलं तरी रस्ता आपल्याच शेतावरून जातो. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी रस्त्याच्या जागी वतन होतं, एवढाच फरक. तेव्हा वतन टिकवायचं तर दोन्ही दरबारांत आपलं माणूस असलेलं बरं. इचलकरंजीकर घोरपड्यांचं दुखणं तर आणखी नाजूक. मुलूख कोल्हापूरच्या कुशीत आणि घरातली सून अनुबाई ही बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची लेक, पहिल्या बाजीरावांची बहीण. कोल्हापूर आणि पेशवे यांच्यात बिनसलं की त्या घराने करायचं काय?

मला सगळ्यात चटका लावणारं घर मात्र तळबीडच्या मोहित्यांचं. १६८० मध्ये शिवाजी महाराज गेल्यावर सोयराबाईंनी स्वतःचा मुलगा राजाराम याला गादीवर बसवलं. सोयराबाई ही सरनोबत हंबीरराव मोहित्यांची बहीण, म्हणजे राजाराम त्यांचा भाचा. तरी हंबीरराव संभाजी महाराजांच्या बाजूने उभे राहिले. बहिणीशी वैर पत्करलं, थोरल्याचा हक्क राखला. पुढे याच हंबीररावांची लेक त्या भाच्याला दिली. ती लेक म्हणजे ताराबाई. बापाने ज्या संभाजींसाठी बहीण तोडली, त्यांच्याच मुलाशी लेक आयुष्यभर भांडली.

आणि भांडण शाहूंपाशी थांबलं नाही. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सवत राजसबाईंनी ताराबाईंना मुलासकट कैद केलं आणि स्वतःचा मुलगा संभाजी गादीवर बसवला. १७३० मध्ये सातारकरांनी या संभाजींचा पराभव केला तेव्हा ताराबाई शाहूंच्या हाती लागल्या. परत पाठवायची तयारी असताना त्या साताऱ्यालाच राहिल्या. कैद तिथेही होतीच, मग इथली काय वाईट!

१७४९ मध्ये शाहू वारले. त्यांना मुलगा नव्हता. ताराबाईंनी आपला लपवून वाढवलेला नातू रामराजा पुढे केला, तो छत्रपती झाला. वर्षभरातच, तो पेशव्यांचं ऐकतो म्हणून, त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं. पुढे जेजुरीला खंडोबापुढे शपथ घेऊन सांगितलं की हा माझा नातू नव्हे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी पुतण्यावर उगारलेलं 'तोतया'चं हत्यार शेवटी आपल्याच नातवावर चाललं.

कावळा नाक्यावर ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा आहे. बाहेरगावचे पाहुणे फोटो काढतात आणि विचारतात, यांची समाधी पन्हाळ्यावर का? नाही. त्या १७६१ मध्ये साताऱ्याला गेल्या. समाधी वारणेपलीकडे, संगम माहुलीला कृष्णेच्या काठी आहे, आणि शाहूंची समाधीही तिथेच.